चाळीस मीटर मागे

गतिरोधकावर पांढरे पट्टे मारलेले नव्हते आणि टॅक्सीवाल्याचं लक्ष पुढच्या सिग्नलकडे होतं. गाडी त्या उंचवट्यावर अशी काही आदळली, की मागे बसलेल्या वळणबाईची जीभ तिच्याच दातांखाली सापडली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडात खारट, कोमट चव पसरली. ‘‘माफ करा मॅडम,’’ टॅक्सीवाला आरशातून म्हणाला, ‘‘कुठल्या गाढवानं हे इथं घालून ठेवलंय कुणास ठाऊक!’’ तिने रुमाल तोंडाशी धरला आणि तशातही मान वळवून मागच्या काचेतून मापं घेतली. उंची वीतभर, लांबी जेमतेम दीड मीटर. साडेतीन हवी होती. असलं काम करणाऱ्याचं थोबाड गरम डांबरात दाबून धरावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. एरवी असा राग आला की तिला बरं वाटायचं, अंगात तरतरी यायची. गेले अकरा दिवस मात्र कुणाचाही राग आला की तो दोन पावलं जाऊन माघारी फिरत होता आणि तिच्याच अंगावर येत होता. तिने रुमाल बघितला. रक्त बरंच होतं. अकरा वाजता कॉलेजात भाषण होतं आणि चार वाजता ऑफिसात सही.

वळणबाई हे नाव ठेकेदारांनी ठेवलेलं. अठ्ठावीस वर्षं ती रस्त्यांच्या खात्यात वळणं आखत आली होती. घाटातली, पुलाच्या तोंडाची, शहराला वळसा घालणारी. रस्ता सरळ असतो तेव्हा कुणीही आखेल. बाईचं काम वळण आलं की सुरू. ‘बाई सरळ बोलत नाही, सरळ आखत नाही, पण पैसे सरळ देते,’ असं ठेकेदार म्हणत आणि तिच्या कानावर ते गेलं तेव्हा तिला हसू आलं होतं. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिने घरासमोरच्या गल्लीचंसुद्धा मनातल्या मनात वळण सुधारून टाकलं होतं. दुसरं काही करायला सुचत नसे. आणि या अठ्ठावीस वर्षांत तिच्या एकाही वळणावर माणूस मेला नव्हता, हे ती कुणाला सांगत नसे. पण रात्री उशीला डोकं टेकताना तिला ते माहीत असे. अकरा दिवसांपूर्वीच्या सकाळपर्यंत माहीत होतं.

कॉलेजच्या फाटकाशीच मुख्य साहेबांचा फोन आला. ‘‘मॅडम, चारपर्यंत या बरं का. अहवाल तयार आहे, फक्त तुमची सही राहिलीय. उद्या पोलिसांकडे जायला हवा.’’ जीभ सुजत चालली होती. ‘‘तुम्ही उगीच मनाला लावून घेताय,’’ साहेब म्हणाले. ‘‘आपण काय लिहितोय? काम ड्रॉइंगप्रमाणे झालं आहे. अपघात चालकाच्या अतिवेगामुळे. त्याने स्वतः कबूल केलंय, मॅडम. आपल्या पदरचं काय आहे त्यात?’’ काम ड्रॉइंगप्रमाणेच झालं होतं, मिलिमीटरचा फरक नव्हता. सगळ्या अहवालात एवढंच काय ते खोटं नव्हतं. तिने ‘‘हो’’ म्हटलं आणि ते जड जिभेमुळे ‘‘ओ’’ असं उमटलं.

फलकावर लिहिलं होतं : ‘रस्ते व वाहतूक अभियांत्रिकी — करिअरच्या संधी’. हॉलमध्ये दीडशे पोरं, अर्ध्यांची तोंडं मोबाइलमध्ये. तिची ओळख करून देणारे प्राध्यापक स्वतःच्याच विनोदांवर हसत होते. मग ती उभी राहिली, पाण्याचा घोट घेतला, ग्लासात तळाशी गुलाबी रेघ फिरली. संधी पुष्कळ आहेत, तिने सांगायला सुरुवात केली. अगदी पहिली नोकरी म्हणजे वाहनांची मोजणी. चौकात बसायचं, कुठून किती गाड्या आल्या आणि कुठे वळल्या ते टिपायचं, त्यावरून सिग्नलच्या वेळा ठरतात. हे सांगताना तिला तिचा पहिला चौक दिसला. लोखंडी खुर्ची, मांडीवर तक्ता, ट्रकसाठी एक रकाना, सायकलसाठी एक. सायकलच्या रकान्यात तिने रेघ ओढली आणि मान वर केली तर ती सायकल ट्रकच्या मागच्या चाकाखाली होती. सायकलवाला कमरेपर्यंत माणूस होता, त्याखाली नव्हता. तो तिच्याकडे बघत होता आणि काहीतरी विचारत होता, किती वाजले असं काहीतरी. तिने तो तक्ता संध्याकाळी जमा केला तेव्हा वरिष्ठांनी विचारलं होतं, ही सायकल सरळ गेली की वळली? तेव्हा तिला त्यांच्या नरडीला धरावंसं वाटलं होतं. पण प्रश्न बरोबर होता. तो रकाना भरायचा राहिलाच होता.

दुसरी संधी प्रयोगशाळेत, ती म्हणाली. डांबर आणि खडी किती प्रमाणात मिसळायची ते तिथे ठरतं. मिश्रणाचा गोळा साच्यात घालून त्यावर साडेचार किलोचा हातोडा पाडायचा, एका बाजूने पंच्याहत्तर घाव, उलटवून पुन्हा पंच्याहत्तर. मुलं हसली. तीही हसली, सुजलेल्या तोंडाने. ते घाव घालताना ती दादाचा चेहरा समोर धरत असे, हे काही तिने सांगितलं नाही. तिने ही शाखा घेतली त्या दिवशी दादाने तिच्या कानाखाली असा आवाज काढला होता की पुढचे दोन दिवस तिला एका कानाने फक्त समुद्र ऐकू येत होता. ‘‘रस्त्यावर उभी राहणारेस? लोक काय म्हणतील?’’ असं ओरडत त्याने तिची ड्रॉइंगची लांब पट्टी गुडघ्यावर मोडली. आई दारात उभी राहून म्हणाली, ‘‘मोडायची नाही रे, परत करता आली असती दुकानात.’’ आता तोच दादा गाडीत पाहुण्यांना घेऊन मुद्दाम वाकड्या वाटेने जातो, ‘‘हे वळण आमच्या धाकटीचं’’ म्हणून दाखवायला. माणसं अशी असतात. मारलेलं विसरतात आणि मिरवायला पुढे. तिनेही एकदा एका मुकादमाला साइटवर मोजपट्टीच्या लाकडाने बडवलं होतं. त्याने मजुरांना काँक्रीटमध्ये अनवाणी उतरवलं होतं म्हणून. चार तडाखे. त्या दिवसापासून साइटवर तिला कुणी उलट बोललं नाही. हात उचलला की कामं होतात, हे ती घरी शिकली आणि साइटवर तिने ते पाजळलं. त्याची लाज तिला कधी वाटली नव्हती.

‘‘मॅडम, डिझाइनमध्ये काय करायला लागतं?’’ मागून कुणीतरी विचारलं. तिला वाटलं, हा प्रश्न नको होता. डिझाइन म्हणजे, ती म्हणाली, माणूस शहाणा नाही असं धरून चालायचं. तो झोपाळलेला असेल, भांडून निघालेला असेल, चाकं झिजलेली असतील, तरी त्याला रस्त्याने घरी पोचवायचं. हे वाक्य ती दर वर्षी सांगायची. यंदा ते तोंडातून बाहेर पडलं आणि तिने पुन्हा पाण्याचा ग्लास उचलला. माणूस शहाणा नाही असं धरून चालणाऱ्या बाईने त्या सकाळी काय केलं होतं? ती साइट ऑफिसात चहा पीत होती. दोन किलोमीटरवर नव्या रस्त्याच्या वळणाशी मिनीबस उलटल्याचं कळलं. कपड्यांच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांची गाडी. ती पोचली तेव्हा गाडी लोखंडी कठड्यात आडवी अडकली होती, खिडकीतून एक पाय बाहेर आला होता आणि त्यात नवाकोरा मोजा होता, लेबल न काढलेला. सहा जणी मेल्या होत्या. काचेच्या चुऱ्यावर रक्त पसरून तो चुरा खडीसाखरेसारखा दिसत होता आणि असलं काही सुचलं म्हणून तिला स्वतःचाच संताप आला. पलीकडे गर्दीने चालकाला मध्ये घेतलं होतं. त्याच्या नाकातून रक्त वाहत होतं, शर्ट फाटून एका बाहीला लोंबत होता. तिच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. लोक ‘रस्त्याच्या साहेब आल्या’ म्हणत बाजूला झाले. तिने विचारलं, ‘‘किती स्पीड होता?’’ तो म्हणाला, ‘‘सत्तर, बाई. सत्तरच.’’ ऐंशीची मर्यादा असलेल्या रस्त्यावर, तिच्या वळणावर, सत्तरला गाडी उलटेल? ‘‘खोटं बोलतोस!’’ असं ओरडून तिने पूर्ण हात मागे नेऊन त्याच्या तोंडावर हाणली. हात झिणझिणला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला मोकळं वाटलं. सहा मेलेल्या बायकांसाठी कुणीतरी काहीतरी केलं, असं वाटलं. तिच्या त्या एका फटक्याने गर्दीला आणखी जोर चढला. कुणीतरी गाडीतून चाकं खोलायची लोखंडी टॉमी काढून आणली. ती वळून मिनीबसकडे निघाली, तेव्हा तिच्या बुटांखाली चुबुक असा आवाज झाला.

पाऊस पहाटेच थांबला होता. सगळा रस्ता वाळून खडखडीत झालेला. इथे मात्र पाणी होतं. बाहेरच्या बाजूच्या पट्ट्यात, पस्तीस-चाळीस मीटर लांब, ताटात ठेवावं तसं स्वस्थ पाणी. तिने वाकून बोट बुडवलं. नखाच्या वरपर्यंत आलं. आत्ता इतकं, तर तासापूर्वी किती असेल? मागे टॉमीचे घाव ऐकू येत होते. आधी मांसावर बसणारा मऊ आवाज, मग एक कोरडा, लाकूड मोडल्यासारखा, मग तसाच दुसरा. चालक ओरडत नव्हता, ‘‘आई, आई’’ एवढंच म्हणत होता. तिने मागे वळून बघितलं नाही. ती बोटावरचं पाणी मोजत होती. एक शब्द टाकला असता तर लोक थांबले असते, त्यांनी तिलाच वाट करून दिली होती. ती पाणी मोजत होती.

‘‘मी फळ्यावर दाखवते,’’ ती हॉलमध्ये म्हणाली आणि खडू घेतला. का घेतला, तिला कळलं नाही. सरळ रस्ता मध्ये उंच असतो, दोन्हीकडे उतार, म्हणजे पाणी कडेला जातं. वळणावर बाहेरची कड उचलतात, म्हणजे सगळा रस्ता आतल्या बाजूला कलतो आणि गाडी बाहेर फेकली जात नाही. एवढं सगळ्यांना येतं. पण बाहेरची बाजू आधी बाहेर कललेली असते आणि नंतर आत कलते. मग अधेमधे काय होतं? ‘‘सपाट होते,’’ पहिल्या रांगेतली चष्मेवाली मुलगी म्हणाली. बरोबर. एका ठिकाणी ती कुठेच कललेली नसते. ती जागा टाळता येत नाही. फक्त तिथे रस्त्याला लांबीच्या दिशेने चढ किंवा उतार असायला हवा, म्हणजे पाणी पुढे वाहून जातं. तिने एक वळण काढलं. त्याच्याखाली त्याच रस्त्याचा चढ-उतार काढला, मधोमध खोलगट. तिचा हात सराईतपणे चालला होता; दगडाखाली सापडलेला हात इतका सुरेख चालतो, याचं तिला नवल वाटलं. ‘‘आता वळणाच्या सुरुवातीला पेट्रोल पंप आहे. त्याच्या फाटकासाठी वरून सांगितलं, वळण चाळीस मीटर मागे घ्या. घेतलं.’’ तिने वळण पुसलं आणि मागे सरकवून काढलं. ‘‘काय होईल?’’

हेच तिने केलं होतं. वळणाचा कागद बदलला, चढ-उताराचा कागद तसाच राहिला. संगणकावर दोन्ही वेगळ्या खिडक्यांत उघडतात. तिचे मास्तर जुन्या काळचे होते. ते दोन्ही नकाशे पारदर्शक कागदावर काढायला लावत आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेशी धरत. ‘उजेडासमोर धरल्याशिवाय कागदावर विश्वास ठेवू नका,’ असं म्हणत आणि पोरं मागून त्यांची नक्कल करत. नक्कल करण्यात ती पहिली. अपघाताच्या संध्याकाळी तिने घरी दोन्ही कागद छापून आणले आणि स्वयंपाकघराच्या काचेवर चिकटवले. सपाट जागा बरोबर खोलगट भागाच्या तळावर येऊन बसली होती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तपासणाऱ्या तिघांच्या सह्या होत्या, त्यांनीही उजेडासमोर धरलं नव्हतं. पण त्यांनी तिचं नाव बघून सही केली होती. बाईचं वळण आहे, बघायचं काय? नंतर तिने काचेवर डोकं आपटलं. एकदा, दोनदा, कपाळाला टेंगूळ येईपर्यंत. मग कागद काढून, घडी घालून, कपाटात कपड्यांखाली ठेवले आणि अकरा दिवस मूग गिळून बसली.

‘‘मॅडम, इथे पाणी साचेल,’’ चष्मेवाली म्हणाली. ती उठून फळ्यापाशी आली आणि तिने नेमकं बोट ठेवलं. ‘‘सपाट जागा खोलगट भागात आली. तळंच होईल. पाऊस पडला की गाडी पाण्यावर तरंगेल, मग ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही.’’ मागून एक पोरगा ओरडला, ‘‘असलं ड्रॉइंग काढणाऱ्याला चौकात उलटा टांगून फोडला पाहिजे!’’ हॉल हसला. प्राध्यापकही हसले. वळणबाईने खडू ठेवला. ‘‘हे ड्रॉइंग मी काढलंय,’’ ती म्हणाली. सगळ्या हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. काय पण बाई, स्वतःवर विनोद करते! ‘‘अशी विनोदबुद्धी असलेले वरिष्ठ क्वचित भेटतात,’’ असं म्हणत प्राध्यापक आभाराला उभेही राहिले. टाळ्या अंगावर खडीसारख्या पडत होत्या. समोरच्या दीडशे तोंडांपैकी एकेकाला धरून भिंतीवर आपटावं आणि सांगावं, अरे खरं आहे हे, सहा जणी मेल्यात. पण तिच्या जिभेचा पार गोळा झाला होता. चष्मेवाली तेवढी टाळ्या न वाजवता फळ्याकडे बघत राहिली.

बाहेर आल्यावर तिने टॅक्सीवाल्याला ऑफिसचा पत्ता सांगितला. तिसऱ्या चौकात म्हणाली, ‘‘नाही. सरकारी हॉस्पिटल.’’ फोन वाजत होता. साहेबांचाच असणार, तिने तो पर्सच्या तळाशी ढकलला.

वॉर्डात औषधांचा आणि न धुतलेल्या चादरींचा वास होता. चालकाचे दोन्ही हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होते, फक्त अंगठे बाहेर. चेहरा अजून एका बाजूने जांभळा. त्याची आई त्याला चमच्याने दूध पाजत होती आणि दाराशी स्टुलावर पोलीस शिपाई मोबाइलवर काहीतरी बघत हसत होता. ‘‘ऑफिसातून आलात का? बसा बाई,’’ म्हातारीने पदराने खुर्ची पुसली. वळणबाई बसली नाही. बसली असती तर पुन्हा उठवलं नसतं. जड जिभेने, एकेक शब्द ढकलत तिने सांगितलं. वळण, चाळीस मीटर, पाणी. म्हातारी ऐकत होती, चमचा हातात तसाच. ‘‘मला नाही कळलं,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘चूक माझी आहे,’’ वळणबाई म्हणाली. ‘‘तुमच्या मुलाची नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं.’’

म्हातारीने चमचा वाटीत ठेवला, वाटी खाली ठेवली, शेजारचा स्टीलचा तांब्या उचलला आणि तिच्या तोंडावर हाणला. भुवई फुटली. दुसरा घाव गालफडावर बसला, तिसरा कानावर. म्हातारीच्या अंगात इतकी ताकद कुठून आली देव जाणे. शिपायाने तिला मागून कवेत धरलं तरी ती तांब्या फिरवत होती. ‘‘त्याला खायला हात नाहीत गं!’’ ती किंचाळली. ‘‘नाक शिंकरायला हात नाहीत! अकरा दिवस कुठं मेली होतीस?’’ शेजारच्या खाटांवरचे रोगी उठून बसले. वळणबाईने हात वर केले नाहीत. ‘‘सोडा त्यांना,’’ ती शिपायाला म्हणाली. डोळ्यात रक्त उतरून सगळा वॉर्ड तांबडा दिसत होता.

‘‘आई, थांब,’’ चालक म्हणाला. ‘‘मला ऐकू दे.’’ म्हातारी तशीच खाली बसली, तांब्या मांडीवर घेऊन, आणि हुंदके देऊ लागली. ‘‘म्हणजे मी सत्तरवर होतो?’’ त्याने विचारलं.

‘‘हो. कठडा जेवढा वाकलाय त्यावरून मी हिशेब केलाय. शंभर असता तर कठडा तोडून गाडी खाली गेली असती.’’

‘‘मला आता शंभर आठवायला लागलं होतं,’’ तो म्हणाला. छताकडे बघत, अगदी हळू. ‘‘काटा शंभरवर होता, असं दिसायचं मला. झोपेत पण दिसायचं. पोलिसांना तसंच सांगितलं. सही करता येईना म्हणून अंगठा घेतला त्यांनी.’’ मग त्याने मान वळवून तिच्या फुटलेल्या तोंडाकडे बघितलं. ‘‘त्या दिवशी इतक्या जणांनी मारलं, कुणाचा चेहरा लक्षात नाही. तुमचा आहे. ती माणसं भडकलेली होती, त्यांना रस्त्यातलं काय कळतंय, असं वाटत होतं मला. तुम्ही आलात, लोक म्हणाले रस्त्याच्या साहेब आल्या. म्हटलं, आता या बघतील आणि सांगतील. आणि तुम्ही मारलंत. तेव्हा म्हटलं, मग माझंच चुकलं असणार.’’

तिला वाटलं, तांब्याचा घाव याच्यापेक्षा बरा होता. तिने शिपायापुढे हात केला. ‘‘कागद द्या,’’ ती म्हणाली. ‘‘कशाला?’’ ‘‘जबाब लिहायचाय.’’ ‘‘मॅडम, आधी टाके घालून घ्या, रक्त थांबत नाहीये,’’ शिपाई म्हणाला, पण त्याने वहीतलं पान फाडून दिलं. खाटेच्या कडेवर पान टेकवून तिने पहिली ओळ लिहिली, भुवईचे दोन थेंब तिच्यावर पडले ते तळहाताने पुसले, आणि ती त्याला वाचून दाखवली : ‘अपघाताच्या वेळी चालकाचा वेग ताशी सत्तर किलोमीटर होता.’

त्याने डोळे मिटले आणि तीच ओळ आणखी एकदा वाचायला सांगितली.